हिरव्या चौकड्यांची गल्ली

गल्लीतली खासगी शाळा बंद होतेय हे शिंप्याला कळलं, तेव्हा तो एकशेचाळिसाव्या गणवेशाची काजं करत होता. मुलं कमी होत चालल्याचं गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पण शिंप्याने सुट्टीतच सगळे गणवेश शिवत आणले होते. त्याचं दुकान त्या एका शाळेवरच चालायचं.

"आता हे हिरव्या चौकड्यांचे सदरे कोण घालणार? तुम्ही?" बायकोने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"शिंप्याचं कापड वाया जात नसतं," शिंपी छाती काढून म्हणाला. त्याचा आत्मविश्वास असा, की माप चुकलं तर गिऱ्हाईकच सुटलंय म्हणायचा.

उसवाउसव सुरू झाली. न्हाव्याला गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायची फडकी मिळाली, बेकरीवाल्याला ॲप्रन, डॉक्टरीणबाईंना दवाखान्याचे पडदे. स्वस्त आहे म्हटल्यावर कोण सोडतो? शाळा सुटली की बेकरीत उडणारी झुंबड गेली होती, न्हावीही माश्या मारत बसला होता. पोरांच्या कालव्याविना गल्ली भकास वाटायची आणि ते सगळ्यांनाच लागलं होतं.

एके सकाळी शाळेच्या मोठ्या बाई फलक उतरवायला आल्या. बघतात तर जिकडेतिकडे त्यांचाच गणवेश! न्हाव्याच्या खुर्चीत फेसाने माखलेला पोस्टमनसुद्धा हिरव्या चौकड्यांत. बाईंचे डोळे भरून आले.

"एवढी माया आहे शाळेवर?"

"म्हणजे काय! शाळा म्हणजे गल्लीचा जीव, बाई!" बेकरीवाला पुढे झाला.

"मग तुमची नातवंडं कुठे जातात?"

बेकरीवाला ॲप्रनला हात पुसू लागला. नातवंडं बसने लांबच्या शाळेत जात होती. न्हाव्याची मुलगीही त्याच बसमध्ये असायची.

"पडद्यांवर शाळा चालत नाही. पोरं द्या," म्हणत बाईंनी शिडीवरच बसून वही उघडली. अंगावर गणवेश असताना नाही कोण म्हणणार? संध्याकाळपर्यंत वही भरली आणि फलक जागेवर राहिला.

शिंप्याची मात्र पंचाईत झाली. सोमवारी शाळा, आणि दुकानात एक बाही शिल्लक नाही. तो कात्री घेऊन न्हाव्याकडे धावला.

"अरे, गिऱ्हाइकाची अर्धी दाढी व्हायचीय, थांब की!" न्हावी ओरडला.

बेकरीवाल्याने ॲप्रन तेवढा काढून दिला. त्यातून बेतलेला सदरा शिंप्याने बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो नाकाशी नेला.

"याला पावाचा वास येतोय."

"पोरांना भूक चांगली लागेल!"

"नको. नवी सुरुवात, नवा गणवेश. निळा. तोवर पोरं घरच्या कपड्यांत येतील. पण आधी पोरं किती टिकतात ते बघू, मग शिवायला घ्या."

शिंपी तरंगतच घरी गेला. आठवड्याने बायकोने हळूच चौकशी केली, "बाईंनी सांगितलंय ते लक्षात आहे ना? शिवायला घेतलं नाहीत ना?"

"छे! सुईत दोरासुद्धा ओवला नाही."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"नुसते कापून ठेवलेत," शिंपी म्हणाला. "दोनशे."