गिट्टीतलं धान

महादेवराव भोयरांच्या घरी पाहुण्याला चहा मिळायचा, पण त्याआधी मासे मोजावे लागायचे. अंगणातल्या सिमेंटच्या हौदापाशी पाट मांडलेला असे. त्यावर बसवून भोयर म्हणत, "मोजा बरं. घाई करू नका." मासे काही हजेरी द्यायला रांगेत उभे राहत नाहीत. त्यामुळे कोणाचे चौदा भरत, कोणाचे एकोणीस. विम्याच्या कामासाठी आलेल्या एका गृहस्थांनी अकरा सांगितले, तर भोयरांनी त्यांना पाटावरून उठूच दिलं नाही. आकडा पंधराच्या वर गेला तेव्हा कुठे आत कपबशा वाजल्या.

ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सक्करदऱ्याला आमची आणि त्यांची भिंत एकच होती. एकाच सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क आणि मी नवा कारकून, त्यामुळे हा माणूस मला दिवसाचे चोवीस तास पुरत असे. मूळचे ते कुहीकडचे, धानाच्या गावचे. "पाण्याले रिकामं बसू देऊ नका गा!" हे त्यांचं पालुपद. कचेरीत कोणी अर्धा पेला पाणी टाकून दिलं, की फाइल बाजूला ठेवून ते त्याच्याकडे नुसतं बघत राहत. पुढच्या वेळी तो मुकाट्याने पेला संपवी.

हौदाशेजारी त्यांनी जे उभं केलं होतं, त्याला काय म्हणावं हे मला अजून कळलेलं नाही. तुपाचे तेरा रिकामे डबे, त्यांत बारीक गिट्टी, म्हणजे खडी, आणि गिट्टीत खोचलेली धानाची रोपं. वर स्टुलावर एक पिंप. पिंपातून एका कंपाउंडरकडून मागून आणलेली रबरी नळी डब्यांत पाणी सोडी, आणि डब्यांच्या बुडाला पाडलेल्या भोकांतून ते बांबूच्या पन्हळीने परत हौदात येई. हौदातून पिंपात पाणी चढवणारा पंप म्हणजे स्वतः भोयर. सकाळी चाळीस बादल्या, संध्याकाळी चाळीस.

"मासा घाण करते, ते पाणी धानाले जाते," त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. "धान घाण खाते अन् पाणी साफ करून माशाले वापस देते. कोणाचे कोणावर उपकार नाई. सांग, अशी सोय आपल्या हापिसात हाय का?"

त्यांच्या गावाकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. पावसाळ्यात बांधीत पाणी तुंबलं की मासे आपोआप शिरतात आणि धानाच्या बुडाशी फिरत राहतात. तीच बांधी भोयर अंगणात मांडू पाहत होते. वाचलेलं काही नव्हतं, शिकवणारं कोणी नव्हतं. आधी त्यांनी डब्यांत माती भरली, तर सगळा हौद गढूळ झाला. मी म्हणालो, "भाऊ, गावाकडची चिकण माती आणून पाहा की." त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. "तिकडं मी जात नाई," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गिट्टीची टोपली आली.

तलावावर जाळं टाकणाऱ्याकडून त्यांनी रोहूची वीस पिल्लं आणली आणि मोठ्या हौसेने नळाच्या ताज्या पाण्यात सोडली. संध्याकाळपर्यंत निम्मी उलटी झाली. त्या दिवशी भोयर जेवले नाहीत. जाळंवाला म्हणाला, "भाऊ, नळाच्या पाण्यात दवाई असते. दोन दिवस उन्हात ठेवा ना!" दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर रजेचा अर्ज गेला. कारण: घरी मासे आजारी.

साहेब म्हणाले, "भोयर, घरातलं कोणी आजारी असलं तरच अशी रजा मिळते."

"घरातलेच हायेत साहेब," भोयर म्हणाले. "हौदात राह्यतात, एवढंच."

रजा मिळाली. मला मात्र हसू येईना, कारण हा खटाटोप कशासाठी चालला होता हे एव्हाना मला कळलं होतं. एका रविवारी बादल्या चढवता चढवता त्यांनीच सांगितलं.

सहा वर्षांपूर्वी पाऊस ओढला होता. थोरल्या भावाने, शामरावदादांनी, धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, फोडून पाणी आधी आपल्या बांधीत घेतलं. भोयरांची रोपं वाळली. चार माणसांसमोर शब्दाला शब्द वाढला आणि भोयर बोलून बसले, "या जमिनीचा दाणा आता तोंडात घालणार नाई." तेव्हापासून गाव तुटलं. त्यांच्या घराण्यात नवं धान आधी आपल्या बांधीचं खायचं, मगच दुसरं. आपली बांधी राहिली नाही, म्हणून त्यांच्या बायकोने, सगुणावहिनींनी, सहा वर्षं नव्या तांदळाचं शीत तोंडात घातलं नव्हतं. दिवाळीत सगळ्या आळीत नव्या भाताचा वास सुटे, आणि या माउलीच्या ताटात रेशनचा जुना तांदूळ.

"शपथ माही, भोगून राह्यली थे," भोयर म्हणाले. "एक वाटी तांदूळ झाला तरी बस. आपल्या हातचा."

मग आमच्या घरातूनच घात झाला. श्रावणातली एकादशी होती. माझी आई आणि आळीतल्या चार बायका हौदाभोवती जमल्या. माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं. तलावापर्यंत चालायचं कशाला, इथे दाराशीच मासे! प्रत्येकीने भक्तिभावाने परातभर कणीक संपवली. दोन दिवसांत पाणी आंबलं, वास सुटला आणि सात मासे वर तरंगले. आई रडवेली होऊन माफी मागायला गेली. भोयर बाहीने कपाळ पुसत म्हणाले, "मावशी, पुण्य जरा जास्त झालं." एवढंच. वर तिला चहाही पाजला, आणि त्या दिवशी मोजायला लावलं नाही.

नवे मासे आले, बादल्या ऐंशीच्या शंभर झाल्या. त्यांचा खांदा इतका दुखायला लागला की कचेरीत त्यांच्या सह्या वाकड्या यायच्या. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचं पुटपुटणं ऐकू येई. मला वाटायचं, माशांना रागावताहेत. आश्विनात लोंब्या धरल्या तेव्हा चिमण्यांची धाड पडली. मग भोयरांनी वहिनींचं जुनं लुगडं डब्यांवर ताणून बांधलं आणि सुटीचा अख्खा दिवस खाली काठी घेऊन बसले. हेडक्लार्क माणूस, पण चिमण्या काही ऐकत नव्हत्या.

दिवाळीच्या तोंडावर तेरा डब्यांतलं धान निघालं. सगळं मिळून दीड ओंजळ. वहिनींनी ते उखळात हलक्या हाताने कांडलं, पाखडलं. बरोबर एक वाटी तांदूळ झाला. भोयरांनी मला साक्षीला बोलावलं होतं. स्वतः पाट मांडला, ताट पुसलं. "शिजव वं लवकर," त्यांना दम निघत नव्हता.

वहिनींनी वाटी हातात धरली, थोडा वेळ नुसती पाहिली. मग एका छोट्या डब्यात अर्धे तांदूळ ओतून झाकण लावलं आणि तो डबा नवऱ्यापुढे ठेवला.

"नवं पहिले थोरल्याच्या हातात द्याचं असते. मंग आपण."

"काहून वं! मी शपथ घेतली हाय!"

"तिथलं खाणार नाई म्हणून घेतली ना? नका खाऊ. देऊन या." त्यांनी डबा आणखी पुढे सरकवला. "माह्यासाठी धान लावलं म्हणता. मंग सांजच्याले हौदापाशी बसून भांडता कोणाशी? मले आइकू येत नाई काय? दादा, पाणी काहून तोडलं, दादा, बोल ना. रोजचं हाय."

भोयरांनी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू चाल गा संगं. मी तिथं बोलाचंच विसरून जाईन."

दुसऱ्या सकाळी आम्ही कुहीची बस धरली. डबा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पुढे गावापर्यंत पायी. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान उभं होतं, आणि भोयर त्याकडे बघायचं टाळत भराभर चालत होते. मला त्यांची फार दया आली.

शामरावदादा ओसरीवर दोर वळत बसले होते. म्हातारे झाले होते, नजर अधू झाली होती.

"कोण? महादेव व्हय?"

"हो."

दादांचे हात थांबले. "पाणी पेलास का?" त्यांनी विचारलं. सहा वर्षांनी, एवढंच.

भोयरांनी डबा उघडून पुढे केला. "नवं हाय. पहिले तुह्या हातात द्या म्हणे थे."

दादांनी चार दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने चोळले, नाकाशी नेले. "कोणत्या बांधीचं?"

"घरचं. हौदाच्या पाण्यावर, गिट्टीत लावलं."

दादांनी पुन्हा वास घेतला, डोळे मिटून, सावकाश.

"दाणा बरा हाय," ते म्हणाले. "पण याले मातीचा वास नाई गा, महादेव."

भोयर ओसरीच्या पायरीवर, दादांच्या पायाशी बसले.

"तेच तं सांगाले आलो, दादा."