मेनूथमार्गे फ्रान्स

लॉकडाऊनमध्ये कुणी केळ्याचा केक करायला शिकलं, कुणी गिटार वाजवायला. डब्लिनजवळच्या ओंगारमधल्या सलील पांढरीपांडेने मात्र फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकल चालवली, आणि तीही सोफ्यावरून न उठता. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, ऑफिस म्हणजे जेवणाचं टेबल, मग माणसाने करायचं तरी काय? रोज संध्याकाळी तो व्हिडिओ लावून बसायचा. जुन्या रेल्वेलाइनींवरून काढलेल्या वाटा, कालव्याकाठची बारीक खडी, दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे, आणि मैलोन्‌मैल एक मोटार नाही. बघता बघता त्याच्या पायांत गोळे यायचे (मांडी घालून बसल्यामुळे).

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये नियम जरा सैल झाले आणि सलीलने एक छोटासा निर्णय घेतला. त्याने खडीवर चालणारी, जाड टायरची ग्रॅव्हल बाइक मागवली. ती दारात आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, की सप्टेंबरची सुट्टी आपण तिघांनी, म्हणजे लेकीसकट, फ्रान्समध्ये सायकलवर काढायची.

क्षितिजाने आधी सायकलकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पोटाकडे. तिच्या मनातलं फ्रान्स वेगळं होतं. त्यात समुद्र होता, गाडी होती, आणि सकाळचा चहा दुसरं कुणीतरी करणार होतं. पण ती भांडली नाही. (भांडली असती तर सलील तिथेच हरला असता आणि पुढचं सगळं टळलं असतं.) तिने फक्त अट घातली.

"कालव्याच्या काठाने मेनूथला जा आणि परत ये. सगळं सामान लादून. मध्येच मला 'गाडी घेऊन ये' म्हणालास, तर सुट्टी मी ठरवणार."

सलील गालातल्या गालात हसला. घराजवळच्या क्लोनसिला स्टेशनापासून मेनूथ गावापर्यंत रॉयल कॅनॉलच्या काठाने वाट जाते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रेल्वे, मोटार औषधालाही नाही. म्हणजे फ्रान्सच की, फक्त द्राक्षं तेवढी नाहीत. त्याने सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्येही जाहीर करून टाकलं, आणि कॅमेरा मुद्दाम असा लावला की मागे सायकल दिसावी. आता माघार घेणं म्हणजे अब्रूचा प्रश्न होता.

ही बातमी नागपूरला अलकनंदाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, कळली. "वाहन आहे नं ते? मग पूजा न करता काहून बाहेर काढतो?" त्यांनी फोनवरून विचारलं.

शुक्रवारी अंगणात पूजा झाली. फोन कचऱ्याच्या डब्याला टेकवून उभा केला, त्यातून आई सूचना देत होत्या. झेंडू मिळेना, म्हणून हँडलला डॅफोडिल्सचा हार घातला. हळदकुंकू वाहिलं. लिंबाशी मात्र गाडं अडलं. मोटारीखाली लिंबू आपसूक चिरडतं. सायकलखालून ते सुळकन निसटलं आणि शेजारच्या डेक्लनच्या अंगणात गेलं. डेक्लन रिटायर्ड माणूस, नियमाचं अंतर राखून कुंपणापलीकडून हे सगळं बघत होता. त्याने लिंबू परत टाकलं, ते पुन्हा त्याच्याकडे गेलं. शेवटी सलील सगळा भार टाकून सायकलवर चढला तेव्हा कुठे रस निघाला. डेक्लनने अगदी आपुलकीने विचारलं, जिन आणू का?

मग नारळ. तो चाकासमोरच फुटला पाहिजे, अशी आईंची सक्त ताकीद. सलीलने तो पुढच्या चाकाला खेटूनच असा काही आपटला, की करवंटीच्या ठिकऱ्या अंगणभर उडाल्या. "आता काही होत नाही बाप्पा," आई समाधानाने म्हणाल्या. आणि सलीलने मुहूर्ताची चक्कर मारली ती नेमकी त्या ठिकऱ्यांवरूनच.

शनिवारी सकाळी स्वारी निघाली. क्षितिजाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, थर्मास भरून चहा दिला. थर्मास पिशवीत बसेना, म्हणून सलीलने आतली एक लांबडी वस्तू काढून स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवली. (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता पांढरीपांडेही म्हणतात.) ती वस्तू म्हणजे पंप होता. पण पूजा झालेल्या सायकलला पंप कशाला लागतोय?

सुरुवात झकास झाली. व्हिडिओत वाट सपाट दिसायची, इथे झाडांची मुळं निघाली, हाडन्‌हाड खुळखुळलं, पण सलीलला कसलाच त्रास वाटेना. आपण खरोखरच सायकल चालवतोय या आनंदात तो दिसेल त्याला घंटी वाजवून दाखवत होता. लीक्सलिप गावाच्या पुढे वाटेवर एक हंस बसला होता. सलीलने घंटी वाजवली. हंस उठला, पंख पसरून फिस्कारला आणि चालून आला. माणूस सायकलवरून उतरला, सायकल ढाल म्हणून पुढे धरली, आणि एक अख्खी दशमी दिल्यावरच हंसाने वाट सोडली. मोटारी नसलेल्या रस्त्यावर सलील ट्रॅफिक जॅममध्ये अडकला होता, आणि हवालदाराला चिरीमिरीही देऊन बसला होता.

मेनूथचा धक्का दिसायला लागला आणि पुढचं चाक फुस्स करून बसलं. टायरमध्ये काय रुतलंय म्हणून पाहतो तर करवंटीची ठिकरी. पंक्चर काढायचे व्हिडिओ त्याने ढिगाने पाहिले होते. त्या सगळ्यांत पहिलं वाक्य एकच असायचं, की पंप घ्या.

सलीलने कपाळावर हात मारला. फोन केला तर सुट्टी गेली, आणि ऑफिसात तोंड दाखवायला जागा नाही. तेवढ्यात शेजारून ट्रेन गेली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अट काय होती? बायकोला गाडी घेऊन बोलवायचं नाही. ट्रेनबद्दल ती काही बोललीच नव्हती! स्टेशनवर पाटी होती, की अत्यावश्यक असेल तरच प्रवास करा. त्याच्या मते याहून अत्यावश्यक प्रवास त्या दिवशी आयर्लंडमध्ये कुणीच करत नव्हतं.

क्लोनसिलाला उतरून, सायकल ढकलत तो ओंगारला पोचला. दाराबाहेर थांबून त्याने पोटऱ्यांना थोडा चिखल चोपडला, कपाळावर पाण्याचे शिंतोडे मारले, आणि धापा टाकत बेल वाजवली. दार कुणीच उघडलं नाही. गाडी दारात, माणसं गायब. इतक्यात फोन वाजला.

"कुठे आहेस रे?" क्षितिजा.

"मेनूथला," सलील म्हणाला. जीभ सवयीने पुढे धावली. "धक्क्यावरच्या बाकावर बसून दशमी खातोय. काय सुंदर आहे गं इथे."

"कुठल्या बाकावर? आम्ही धक्क्यावरच उभ्या आहोत. तुझा पंप घेऊन."

पोह्यांचा डबा काढताना तिला प्रेसमध्ये पंप दिसला होता. नवरा हौसेने गेलाय आणि कुठेतरी अडकून बसेल, या विचाराने तिला एकदम भरून आलं होतं. कालव्यावर गाडी जात नाही. मग तिने दूध आणायची आपली टोपलीवाली सायकल काढली, नऊ वर्षांच्या लेकीला, सानिकाला, तिच्या स्वतःच्या सायकलवर सोबत घेतलं, आणि मायलेकी थेट मेनूथला पोचल्या होत्या. हंस त्यांना बघून बाजूला झाला म्हणे.

फोन सानिकाने घेतला. "वी सॉ यू ऑन द ट्रेन, डॅड. डॅफोडिल्स इन द विंडो. यू वेअर ईटिंग." जरा थांबून ती म्हणाली, "अँड युअर मास्क वॉझ डाउन."

मग क्षितिजाचा आवाज आला, आणि त्यात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं. "सलील, काय मस्त वाट आहे रे ही. सुट्टी आता मीच ठरवते. फ्रान्सला सायकलनेच जायचं."

सलीलचा जीव भांड्यात पडला. म्हणजे जिंकलो की आपण, असं त्याला रात्रीच्या जेवणापर्यंत वाटत होतं.

सप्टेंबरमध्ये निघताना आईंनी फोनवरून गाडीलाही नारळ फोडायला लावला. क्षितिजाने तो फोडू दिला, पण घरात, सिंकमध्ये. मग बोटीने तिघं फ्रान्सला गेली. क्षितिजा ग्रॅव्हल बाइकवर आणि सानिका आपल्या सायकलवर, दोघी द्राक्षांच्या मळ्यांतून खडीच्या वाटेने मजेत गेल्या. दिवसभरात एक मोटार दिसली नाही, असं त्या अजून सांगतात. दिसणार कुठून? त्यांची मोटार सलील चालवत होता, पलीकडच्या हायवेवर, ट्रकच्या मागे, तिघांच्या बॅगा आणि पंप घेऊन.