जज्जसाहेबांचा थर्मास

आमचे जज्जसाहेब गॅरेजात येतात ते स्वतःचा थर्मास घेऊन. चहा त्यांचा, कप त्यांचा, बिस्किटंही त्यांचीच. माझा बिनदुधाचा सुलेमानी चहा त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. म्हणायचे, "इस्माईलभाई, कुणाचं काही घ्यायचं नाही, ही जुनी सवय आहे."

मी चौथीत शाळा सोडली. जन्म शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांखाली गेला, पण साहेब म्हणून कुणाला हाक मारली नाही. अरब मालकालाही नाही. या माणसाला बघितलं की साहेब आपसूक निघतं. तालुक्याच्या कोर्टातून चढत चढत हायकोर्टात पोचलेला माणूस. माणसाला फाशी द्यायची की सोडायचं, हे ज्याच्या पेनात होतं, तो माझ्याकडे जुन्या टायरवर बसतो. रिटायर झाल्यावर इथं मुलीकडे राहतात; ती ऑफिसला जाताना सोडते, दुपारी घेऊन जाते.

सवय मात्र जात नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "गिअरबॉक्स गेला," की साहेब हात वर करतात. "दुसरी बाजू ऐकू." मग मी इंजिन चालू करायचं आणि साहेब डोळे मिटून ऐकायचे. गिऱ्हाईकही गप्प. एक पठाण ड्रायव्हर तर त्यांच्यासमोर टोपी नीट करून उभा राहिला.

एकदा विचारलं, "साहेब, नोकरीत दोस्त किती केले?"

"केले नाहीत. बायकोलाही शेजारी हळदीकुंकवाला जाऊ दिलं नाही. उद्या त्याच शेजाऱ्याची केस समोर आली तर?"

बायको आता नाही. मी पुढं विचारलं नाही.

मग एक दिवस मी लावलेला जॅक घसरला. दोष जॅकचा, पण माझा मुलगा रियाज पेटला. "अब्बा, खलास. तुमचे हात थरथरतात. उद्यापासून घरी बसायचं."

"घरी बसवण्यापेक्षा कबरीत बसव."

"इट्स नॉट सेफ, अब्बा."

"इंग्रजी झाडू नको. साहेब बसलेत, त्यांना विचार. ते म्हणतील ते मला मान्य."

"मलाही मान्य," रियाज म्हणाला.

मी निर्धास्त होतो. साहेबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "ही केस मी ऐकू शकत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "का? गरिबाची केस लहान वाटते?"

"नाही. एक पक्षकार माझा मित्र आहे. अशा वेळी न्यायाधीशानं बाजूला व्हायचं असतं." मग म्हणाले, "नोकरीभर ही वेळ कधी आली नव्हती."

साहेब गुडघ्यावर हात टेकून टायरवरून उठले. इतक्या वर्षांत ते कुणासमोर असे उभे राहिले असतील असं वाटत नाही. रियाजला म्हणाले, "निकाल देता येत नाही, साक्ष देता येते. हात थरथरतात, हे खरं आहे. मी रोज बघतो. यांना गाडीखाली जाऊ देऊ नकोस. पण घरी बसवू नकोस, बेटा. हे इथं नसले तर सकाळी मी जायचं कुठं?"

रियाज बराच वेळ पान्याला फडकं घासत राहिला. मग म्हणाला, "ओके, अब्बा. या रोज. पण फक्त खुर्चीवर. पान्याला हात नाही लावायचा."

मी सुलेमानीचं पातेलं चढवलं. दोन ग्लास भरले, एक सवयीनं माझ्यापुढं ठेवला आणि दुसरा हातातच राहिला.

साहेबांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि हात पुढं केला.

"साखर जरा जास्त टाका," ते म्हणाले.