नवं मैदान सपाट निघालं

साताऱ्याच्या तुफान फुटबॉल क्लबला नवं स्टेडियम मिळालं, आणि पहिल्याच सरावात अवधूतनं समोरच्या रिकाम्या गोलवर मारलेला चेंडू थेट कोपऱ्यातल्या झेंड्याला जाऊन लागला.

"वारं असंल," प्रशिक्षक भाऊसो म्हणाले.

दुसरा चेंडूही झेंड्याकडेच गेला. तिसरा गॅलरीत. झाडाचं पानही हलत नव्हतं.

क्लबचं जुनं मैदान अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी होतं. गडाकडची बाजू वर, रस्त्याकडची खाली. चेंडू नुसता सोडला तरी तो आपला आपण गटाराकडे चालू लागे. त्यामुळे तिथल्या तीन पिढ्या एकच गोष्ट शिकल्या होत्या : गोल हवा असेल तर गोलकडे मारू नका, गडाकडं मारा. पुढचं काम उतार करी. बाहेरचे संघ सामनाभर गटारातून चेंडू काढत आणि हरून घरी जात. सांगलीचा संघ तर दरवर्षी हरे. त्याच सांगलीशी रविवारी नव्या स्टेडियमवरचा पहिला सामना होता.

भाऊसोंनी तडक ठेकेदाराच्या इंजिनिअरला गाठलं. "सुमंतसाहेब, मैदान वाकडं झालंय."

सुमंतनं पाणसळ आणून मैदानात ठिकठिकाणी ठेवली. बुडबुडा मधोमध बसला तो हलेना.

"काका, सूतभरही फरक नाही."

"मग आमची पोरं वाकडी हायत व्हय?"

सुमंतनं नम्रपणे पाणसळ पिशवीत घातली.

मग भाऊसोंनी फर्मान काढलं : गड विसरा, सरळ मारा. आता पोरं विचार करू लागली. पाय उचलायचा, थांबायचं, नव्या मैदानावरूनही दिसणाऱ्या गडाकडे बघायचं, मग गोलकडे बघायचं. तोवर चेंडू दुसऱ्यानं नेलेला. गोलकीपर सिद्धू सवयीनं गडापासून लांबच्या खांबाला चिकटून उभा राही आणि चेंडू घरंगळत आपल्याकडे येण्याची वाट बघे.

"गड दिसतोय म्हणून हे हुतंय," असं ठरवून भाऊसोंनी त्या बाजूच्या गॅलरीला मांडवाचं कापड लावलं. त्यानं आधी एकाच दिशेला होणाऱ्या चुका चारी दिशांना होऊ लागल्या. कापड उतरवलं.

घरी जेवताना भाऊसोंच्या पत्नी क्षमाताईंनी विचारलं, "अहो, ताट का तिरकं धरलंय?"

"बघतोय, आमटी कुठल्या अंगाला जाती."

"तुमच्याच अंगावर जाईल!"

आणि ती गेली.

रविवारी गॅलऱ्या भरल्या. सांगलीचे प्रशिक्षक जयराज मैदानात आले, चारी बाजूंना बघितलं आणि मटकन खाली बसले. नवं स्टेडियम बघून माणूस दिपला, असं भाऊसोंना वाटलं.

शिट्टी झाली. अवधूतनं गोलसमोर चेंडू मिळवला आणि गॅलरीत भिरकावला. भाऊसोंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा सांगलीचा गडी एकटाच सिद्धूसमोर उभा होता. सिद्धू तिकडे आपल्या खांबापाशी. गोल सताड उघडा. गड्यानं ताकदीनं लाथ मारली आणि चेंडू गडाकडच्या झेंड्यावर आदळला.

भाऊसो उठून उभे राहिले.

मध्यंतरापर्यंत दोन्ही संघांचे मिळून एवढे चेंडू गडाकडच्या गॅलरीत गेले, की तिथल्या प्रेक्षकांना झेल घ्यायची गोडी लागली. समोरच्या गॅलरीतली मंडळी कंटाळून इकडे येऊन बसली.

भाऊसो जयराजांपाशी गेले. "जयराज, तुमच्या पोरांना काय झालंय रं?"

"आवं, काय सांगू?" जयराजांनी कपाळाला हात लावला. "दरसाल तुमच्या उतारावर हरायचा कटाळा आला. सांगली पडली सपाट. मग दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला तसाच उतार हुडकला. दोन महिने पोरांना तिथं पळवलं. 'गडाकडं मारा' म्हणून घोकून घेतलं. लय भारी बसलं हुतं सगळं. अन् तुमी परवा फोन करून सांगताय, मैदान बदललं!"

भाऊसो हसू दाबायला गेले, ते जमलं नाही. जयराजही हसू लागले. पंच बघायला आले, तर दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डोळे पुसत होते.

सामना शून्य-शून्य सुटला. चषक सहा-सहा महिने वाटून घ्यायचं ठरलं. इतका बरोबरीचा सामना साताऱ्यानं पाहिला नव्हता, असं सगळे म्हणाले. पोरंही खुशीत वडापाववर तुटून पडली.

सांगलीची गाडी निघाली तसे भाऊसो खिडकीपाशी आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "जयराज, त्यो दंडोबाचा उतार... रविवारी मोकळा असतोय का?"