पाठमोरे प्रेक्षक

“सामन्याच्या दिवशी ह्यांना काहीही सांग, पण अर्धवट सांगू नकोस,” नणंदेच्या बाळंतपणासाठी निघालेल्या सासूबाई दारात चपला घालता घालता मला म्हणाल्या होत्या. मी “हो हो” म्हटलं आणि विसरले. माझं लक्ष तेव्हा लेकीच्या मुठीवर होतं. दीड वर्षाच्या मुलीची मूठ घट्ट बंद असली की आत काहीतरी असतंच. त्या दिवशी छत्रीच्या काडीचं टोपण निघालं. अशा वेळी फुटबॉलविषयीचा सल्ला कोण मनावर घेतं?

आमची इमारत आणि फुटबॉलचं मैदान यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक भिंत एवढंच अंतर. माझे सासरे, म्हणजे बाबा, छापखान्यात खिळे जुळवण्यात आयुष्य घालवून निवृत्त झाले, पण मैदानातून काही निवृत्त झाले नाहीत. दर रविवारी दुपारी ते आणि त्यांचे जुने मित्र शिंपीकाका मैदानाच्या पूर्वेकडच्या लाकडी बाकावर शेजारी शेजारी बसत. थर्मास आमचा. त्याचं झाकण, म्हणजेच कप, शिंपीकाकांच्या खिशात. कारण बाबा वस्तू हरवतात यावर दोघांचंही एकमत होतं. एकाच झाकणातून दोघं आळीपाळीने चहा पीत आणि पंचाला नावं ठेवत.

ते बाक मी पाहिलेत. पाहिलेत म्हणण्यापेक्षा ऐकलेत. गोल झाला की सगळे प्रेक्षक बाकांवर पाय आपटायचे आणि आमच्या स्वयंपाकघरातली भांडी किणकिणायची. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी भूकंप झाला समजून मांडणी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले होते. सासूबाई शांतपणे भाजी चिरत म्हणाल्या, “आपला झाला. दुसऱ्यांचा झाला की वाट्याच वाजतात, पातेली नाही.” त्या आयुष्यात कधी मैदानात गेल्या नव्हत्या, पण निकाल त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचा.

मग क्लबला नवे मालक आले. त्यांनी बाक काढून जांभळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या. खाली सिमेंट, त्यामुळे कितीही पाय आपटले तरी आमची चमचीसुद्धा हलेना. संघाचा हिरवा रंग टीव्हीवर गवतात मिसळतो म्हणून खेळाडूही जांभळे केले. शेवटी मैदानाला एका गादीच्या कंपनीचं नाव दिलं, तेव्हा मात्र बाबांचा तोल गेला. झोपायला घरी गादी आहे, असं म्हणून त्यांनी जुन्या प्रेक्षकांची बैठक बोलावली. आमच्याच बैठकीच्या खोलीत.

बेकरीवाले आले, गणिताचे मास्तर आले, आणखी चार-पाच जण आले. मी टेबलाचे कोपरे आणि लेकीचं डोकं यांच्यामधलं अंतर सांभाळत सगळं ऐकत होते. बाबांचं म्हणणं सरळ होतं: खुर्च्या रिकाम्या दिसल्याशिवाय मालकांचे डोळे उघडायचे नाहीत, तेव्हा सामन्यांवर बहिष्कार. सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावली नाही ती फक्त शिंपीकाकांनी. गंमत म्हणजे क्लबचा जुना हिरवा झेंडा त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेला, आणि मालकांनी तो उतरवून तिथे लुकलुकणारी पाटी लावलेली. रागवायचा पहिला हक्क खरं तर त्यांचाच होता.

“मालक आज आहे, उद्या विकून जाईल,” ते म्हणाले. “खेळणाऱ्या पोरांनी काय करायचं? रिकाम्या खुर्च्यांकडे बघत धावायचं?”

“तू मालकाची बाजू घेतोयस,” बाबा म्हणाले.

“मी पोरांची बाजू घेतोय. तू तुझ्या रागाची घेतोयस.”

यानंतर बाबा जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. ज्याला जांभळ्या खुर्चीवर बसवतं त्याने खुशाल बसावं, आपल्याशेजारी बसू नये, असं काहीतरी. शिंपीकाका उठले, डोक्यावर हिरवी लोकरी टोपी घातली आणि निघून गेले. थर्मासचं झाकण त्यांच्या खिशातच गेलं. पुढे ते मागायला बाबा तयार नव्हते आणि द्यायला यायला शिंपीकाका. बाबा स्टीलच्या पेल्यात चहा ओतून घेत आणि चहाची पावडर बदलली का, असं मला विचारत.

बहिष्काराचे नियम मास्तरांनी केले. तिकीट काढायचं नाही, बघायचं नाही, विचारायचं नाही. ऐकण्याचं काय, असं बेकरीवाल्यांनी विचारल्यावर बराच खल झाला. कानांना पापण्या नसतात, त्यामुळे ऐकलेलं चालेल, असा निर्णय लागला. मग रविवारी दुपारी नुसतं घरात बसून करायचं काय, हा प्रश्न आला. सगळ्यांची रविवारची दुपार इतकी वर्षं एकाच साच्यात बसलेली; ती दुसऱ्या कशात बसेना. अखेर आमच्या गच्चीवर जमायचं ठरलं. गच्चीवरून मैदान पूर्ण दिसतं, म्हणून सगळ्यांनी मैदानाकडे पाठ करून बसायचं.

बहिष्काराचा पहिला रविवार उजाडला. नवऱ्याची ड्यूटी होती, आणि इतक्या म्हाताऱ्या माणसांना गच्चीवर एकटं सोडणं मला बरं वाटेना, म्हणून लेकीला कडेवर घेऊन मीही वर गेले. सात-आठ खुर्च्या एका रांगेत, सगळ्यांची तोंडं पाण्याच्या टाकीकडे. फोटोग्राफर यायचाय आणि चुकीच्या बाजूने येणार आहे, असं वाटावं. शिट्टी वाजली. सगळे डोळे मिटून ऐकू लागले.

“कॉर्नर,” मास्तर म्हणाले.

“छे, थ्रो-इन. आवाज पातळ आहे,” बेकरीवाले म्हणाले.

“पातळच असणार,” बाबा म्हणाले, “आपण कुठे आहोत तिथे?” त्यात अभिमान होता, पण तो लगेच विरून गेला. पूर्वी इथपर्यंत कसा आवाज यायचा, कोण किती लांब शिट्टी घालायचं, पावसात एकाच छत्रीखाली सहा डोकी कशी मावायची, अशा गोष्टी निघाल्या. मध्येच भिंतीपलीकडे “ओऽऽ” झालं की सगळ्यांच्या माना उजवीकडे पाव इंच वळत आणि परत येत.

मैदानाकडे तोंड करून अशा आम्ही दोघीच होतो. लेक कठड्याच्या जाळीला धरून उभी आणि मी तिचा फ्रॉक धरून. तिला रमवायला मी सहज म्हटलं, “तो बघ, जांभळा दादा धबकन पडला.”

मागे सगळ्या खुर्च्या करकरल्या. थोड्या वेळाने बाबा टाकीकडे बघत म्हणाले, “सूनबाई, पोरीला जरा नीट सांग ना. कुठे पडला? गोलच्या जवळ की मध्यावर? लहान मुलांचं कुतूहल मारू नये.”

“हे विचारण्यात मोडतं,” बेकरीवाले म्हणाले.

मास्तरांनी विचार केला. “बाळाने बहिष्कार घातलेला नाही. आईने बाळाला काही सांगितलं आणि ते आपल्या कानावर पडलं, तर ते ऐकण्यात मोडतं.”

झालं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण मी लेकीला सामना सांगू लागले. जांभळ्या दादाने पांढऱ्या दादाला ढकललं. काळ्या कपड्यांतल्या काकांनी खिशातून काहीतरी पिवळं काढलं. मागून कोणीतरी समाधानाने उसासा टाकला. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक माझं बोलणं कोणी ऐकलेलं नाही.

बऱ्याच वेळाने बाबा घसा खाकरून म्हणाले, “पूर्वेच्या बाजूला कोणी ओळखीचं दिसतंय का, असं पोरगी विचारत असेल.”

पोरगी जाळी चाटत होती. मी तिला जाळीपासून ओढत मैदानाच्या पलीकडे पाहिलं. जांभळ्या खुर्च्यांच्या अख्ख्या रांगेत हिरवी टोपी एकच होती. “ते बघ शिंपीआजोबा,” मी म्हटलं.

“एकटेच आहेत का?”

“हो. शेजारची खुर्ची रिकामी आहे.”

बाबांना काय आठवलं असेल ते मला ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात याच मैदानात शिंपीकाकांच्या छातीत दुखलं होतं. पंचाच्या धडधडीत चुकीवर ते गप्प राहिले, एवढ्यावरून बाबांनी ओळखलं आणि त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. आता ते गप्प राहणं ओळखायला शेजारी कोणी नव्हतं.

“स्वेटर घातलाय का, विचारत असेल ती,” बाबा हळूच म्हणाले.

एवढ्या लांबून स्वेटर कसा दिसणार? मी डोळे बारीक करून बघू लागले, तेवढ्यात हिरवी टोपी पुढे झुकली, आणखी झुकली आणि खुर्च्यांच्या मागे दिसेनाशी झाली. “अगंबाई,” माझ्या तोंडून निघालं, “आजोबा खाली गेले. वर येत नाहीत…”

आणि नेमकं तेव्हाच लेकीच्या गालात काहीतरी गोल दिसलं. मी खाली बसले, तिच्या तोंडात बोट घातलं, तिने चावा घेतला, मी बोट काढलं नाही. गच्चीवरचा खडा होता. तो हाती लागेपर्यंत मला जगात दुसरं काही दिसत नव्हतं. खडा फेकून, तिचं तोंड पुसून, देवाचे आभार मानून मी उठले, तेव्हा मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि जिन्यात चपलांचा गडगडाट चालला होता.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिकिटं फक्त पुढच्या फाटकाशी मिळतात, म्हणून ही सगळी मंडळी मैदानाला अर्धा वळसा घालून तिकडे धावली. आत माणूस पडलाय, असं बाबा ओरडून सांगत होते. फाटकावरचं यंत्र तिकिटाशिवाय दांडा उचलायला तयार नव्हतं. सगळ्यांनी तिकिटं काढली. गर्दीचे फोटो मिळवण्यासाठी दुपारभर वणवण करणारा मालकांचा फोटोग्राफर तिथेच उभा होता. थोड्याच वेळात लाउडस्पीकरवरून मला गच्चीवर ऐकू आलं की आमच्या निष्ठावान जुन्या प्रेक्षकांचं मैदानात पुन्हा मनःपूर्वक स्वागत आहे.

मी कपाळावर हात मारला, तेवढ्यात जिन्याच्या दारात हिरवी टोपी उगवली. शिंपीकाका धापा टाकत उभे होते. स्वेटर घातलेला होता. हातात थर्मासचं झाकण.

“हे निसटलं आणि घरंगळत खुर्च्यांखाली गेलं,” ते म्हणाले. “काढून सरळ झालो तर समोर ही गच्ची. मागच्या फाटकाने आलो, ते जवळ पडतं.” मग त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. “कुठे गेले सगळे?”

“तुम्ही पडलात असं वाटलं त्यांना. मैदानात गेलेत.”

“तिकीट काढून?”

मी मान हलवली.

“गद्दार,” शिंपीकाका म्हणाले आणि बाबांच्या खुर्चीत बसले. मैदानाकडे पाठ करून. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा ते झाकण हातात फिरवत म्हणाले, “मी बहिष्कारात यायचं ठरवलंय. तिथे बसून सगळा वेळ याची पाठ दिसत होती गं. इतकी वर्षं शेजारी बसलो. शेजारच्या माणसाची पाठ कधी दिसत नाही.”

मी मैदानाकडे पाहिलं. पलीकडे बाबा गुडघ्यांवर हात ठेवून एकेका जांभळ्या खुर्चीखाली वाकून बघत होते. मास्तर दुसऱ्या टोकाकडून येत होते. बाबांना हाक ऐकू जाण्यासारखी नव्हती, या सगळ्या मंडळींचे मोबाइल सामन्याच्या दिवशी घरी राहतात, आणि शिंपीकाकांना पाठवावं तर हे तिकडे आणि ते इकडे असा खेळ संध्याकाळपर्यंत चालला असता. शिवाय ते आत पाऊल टाकायलाही तयार नव्हते. तासाभरापूर्वीपर्यंत विरोधात असले तरी आता त्यांचा बहिष्कार सगळ्यांत कडक होता.

लेक पेंगुळली होती. मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती झोपली. झोपलेल्या मुलीखालून कोणी उठत नाही, निदान आमच्या ओळखीतलं तरी. मी गच्चीच्या दाराला बाहेरून कडी घातली, दोनदा परत येऊन डोकावले आणि मग धावत सुटले. आयुष्यातलं पहिलं तिकीट काढलं. कोणीतरी माझाही फोटो काढला.

बाबा एका खुर्चीला धरून उभे होते. “नेलं असेल गं कुठेतरी,” ते मला बघून म्हणाले. “मी शेजारी असतो तर…”

या वेळी मी अर्धवट काही ठेवलं नाही. “बाबा, शिंपीकाका आपल्या गच्चीवर तुमच्या खुर्चीत बसलेत, त्यांना काहीही झालेलं नाही, स्वेटर घातलाय, झाकण सापडलंय, तुमची नात त्यांच्या मांडीवर झोपलीय आणि ते तुम्हाला गद्दार म्हणाले.”

“गद्दार म्हणाला?”

“हो.”

बाबा त्या जांभळ्या खुर्चीवर मटकन बसले. डोळे पुसले. “मग बरा आहे,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन फोटो आले. एकात धावणारी जुनी पिढी, आणि दुसऱ्यात केस विस्कटलेली मी. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं की तरुण महिलांमध्येही क्लबविषयी प्रचंड उत्साह. तातडीची बैठक भरली. शोधकार्यासाठी काढलेलं तिकीट बहिष्कारभंगात धरू नये, असा निर्णय मास्तरांनी दिला. मग पुढच्या रविवारचा विषय निघाला. शिंपीकाका म्हणाले, खुर्च्या रिकाम्या दिसल्याशिवाय मालकांचे डोळे उघडायचे नाहीत. बाबा म्हणाले, पण खेळणाऱ्या पोरांनी काय करायचं? वाद बराच रंगला. एकमेकांची वाक्यं दोघांनाही पाठ होती. निर्णय अजून झालेला नाही. मात्र गच्चीवर असो वा मैदानात, दोघांनी बसायचं शेजारी, एवढं ठरावाबाहेर ठरलंय.

तुमच्याही घरच्या वडीलधाऱ्यांचं कोणाशी तरी असंच बिनसलं असेल. मालकावरून, मैदानावरून, आणखी कशावरून. ती व्यक्ती कुठे आहे, कशी आहे, हे आज एकदा जाऊन बघून या. फक्त धावत सुटण्यापूर्वी आपल्या जिन्यात डोकावा. कदाचित तीच तुमच्याकडे यायला निघाली असेल.