बिनधुराचे रोडगे

दोष देवरावांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं या प्रकरणात सूर्य, कडुलिंब, पाण्याची बादली आणि खुद्द त्यांचा मुलगा लहानू असे बरेच जण अडकतात, आणि वाचणारे दयाळू असतात. ते म्हाताऱ्या माणसाला सोडून देतात. सोडायचं नाही.

थोडा दोष टपाल खात्यातल्या मंडळींचाही आहे. देवराव निवृत्त झाले तेव्हा त्यांनी वर्गणी काढून त्यांना रेडिओ दिला. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाची पत्रं लावण्यात गेलेल्या माणसाला आता वाटायला लागलं, की प्रत्येक बातमी आपल्याच पत्त्यावर आलेली आहे. अठ्ठ्याऐंशी साली अशीच एक आली. परदेशात कुठंशी मोठी परिषद भरली होती. कोळसा आणि तेल जाळून जाळून हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आहे, पृथ्वी तापते आहे, तेव्हा जगानं हा वायू पाचव्या हिश्शानं कमी करावा, असं तिथल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं.

"पृथ्वी तापून राहिली," देवरावांनी ताटावरून जाहीर केलं.

"मंग नागपुरात नवीन काय झालं?" लहानूची बहीण जया म्हणाली.

"जग पाचवा हिस्सा कमी करणार. आपण पुरा करू."

"काहून पण, बाबा?" लहानू म्हणाला. "बाकीचे चार हिस्से कोणी मागितले?"

"तू चूप बस गा. बी.एस्सी. अर्ध्यात सोडणाऱ्यानं विज्ञानात तोंड घालू नये."

झालं. घरातला बंब अडगळीत गेला. त्यांचं घर नागपूरच्या कडेला, बेसाला. चहूकडून मोकळं रान, घरं तुरळक, डिसेंबरात वारा अंगाला चावतो. त्यात सगळ्यांनी नळाच्या गार पाण्यानं आंघोळी करायच्या. कोळशाची शेगडी गेली. गॅसचा नंबर अजून लागायचा होता, म्हणून रॉकेलच्या स्टोव्हला तेवढी तात्पुरती माफी मिळाली. आणि इतवारीतून टेम्पोत बसून एक सोलर कुकर आला. म्हणजे पत्र्याची पेटी, आत काळे डबे, वर काच आणि काचेवर आरसा. त्यात वरण शिजायचं, भात शिजायचा, सकाळी ठेवला की दुपारी उतरायचा. देवराव त्याच्याकडे नातवाकडे पाहावं तसे पाहत.

(देवराव स्वतः शेजाऱ्यांच्या बंबातलं पाणी आणून आंघोळ करत. त्याला ते शेजारधर्म म्हणत. विडीही चालू होती. "तो झाडाचा पाला हाये, कोळसा नाही," असं तिचं शास्त्र होतं. लहानूनं एकदा हसून पाहिलं, तर दोन दिवस घरात विज्ञानच विज्ञान झालं.)

इथवर ठीक होतं. गार पाण्यानं कोणी मरत नाही. पण त्याच डिसेंबरात मनोहरराव जेवायला येणार होते.

मनोहरराव लहानूच्या आईच्या, मीराबाईच्या माहेरगावचे. वीजकेंद्रात इंजिनियर, बॉयलरचे साहेब. बायकामुलं गावाकडं, हे एकटे क्वार्टरमध्ये, मेसचं खाऊन कंटाळलेले. एका लग्नात मीराबाई भेटली तेव्हा तेच म्हणाले, "ताई, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे किती वर्षांत तोंडाले लागले नाही. एक दिवस खाऊ घाला. तुमच्या पोराचंही पाहून टाकू. बॉयलरवर एक माणूस घ्यायचा आहे. कायम."

कायम. हा शब्द लहानू तेव्हापासून तोंडात गोळीसारखा घोळवत होता. कॉलेज सोडल्यावर तो गांधीबागेत एका कापड दुकानात ठाणं उलगडायला लागला होता. एका गिऱ्हाइकाला त्यानं खरं सांगितलं, की हा रंग जाईल. रंगाच्या आधी तोच गेला. आता सगळी भिस्त मीराबाईच्या रोडग्यांवर, म्हणजे आरात, निखाऱ्यांत पुरून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवर होती, आणि ते तिला झोपेतही बिघडवता आले नसते.

रविवारी सकाळी मीराबाईनं मागच्या अंगणात गोवऱ्या रचायला घेतल्या. देवराव विडी ओढत मागं येऊन उभे राहिले.

"हे काय करून राहिली वं?"

"रोडग्याचा आर पाडून राहिली. दिसत नाही का?"

"गोवऱ्या उचल. रोडगे कुकरमंदी ठेव."

"कुकरमंदी रोडगे होत नसतात."

"वरण होते, भात होते, रोडग्याले काय धाड भरली? उष्णता ते उष्णता."

"बाबा," लहानू मध्ये पडला, "त्यात शिजते, भाजत नाही. रोडगा आरात पुरावा लागते. मनोहरराव त्याच्यासाठीच येऊन राहिले."

"म्हणूनच. वीजकेंद्राच्या साहेबाले आपण दाखवू. एक काडी न पेटवता जेवण. त्याच्या चिमण्या पाह्य, रात्रंदिवस किती वायू सोडून राहिल्या. कोणीतरी त्याले तोंडावर सांगाले पाहिजे का नाही?"

ज्या बॉयलरवर लहानूला चिकटायचं होतं, तो बॉयलर बंद करा असं त्याचा बाप साहेबाला सांगणार होता, आणि तेही उपाशी ठेवून. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण देवराव चिडले की साहेबासमोरच मुलाची शिक्षणापासूनची सगळी कुंडली मांडतात, म्हणून तो दात आवळून गच्चीवर गेला. पेटी सूर्याकडं फिरवत राहायचं काम त्याला लागलं होतं. काचेवरची धूळ पुसायला बादलीभर पाणीही देवरावांनी वर पाठवलं होतं. (तयारीत ते कधी कमी पडत नाहीत.)

ऊन चांगलं होतं, पण शेजारच्या प्लॉटमधला कडुलिंब त्याच्याहून चांगला होता. त्याची सावली गच्चीवर सरकत सरकत कुकरच्या मागंच लागली. लहानू पेटी ओढायचा, सावली यायची. काचेतून तो आत पाहायचा. रोडगे पांढरे फटक, ताप उतरताना घाम फुटतो तसे घामेजलेले. एकाही रोडग्यावर डाग नाही. असा निष्कलंक रोडगा त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात खाली स्कूटर थांबली. मनोहरराव ठरल्या वेळेच्या आधीच आले होते. पांढराशुभ्र सफारी.

"सकाळपासून काही खाल्लं नाही, देवरावजी. मुद्दाम," त्यांचा आवाज वर आला. "पोट मोकळं ठेवून आलो."

"बसा, बसा. होऊनच राहिलं. तवर मले एक सांगा, तुम्ही दिवसाले किती कोळसा जाळता?"

लहानूनं डोळे मिटून घेतले. खाली ओसरीवर देवराव सुरू झाले. परिषद झाली, पाचवा हिस्सा झाला, समुद्र वर चढला, बर्फ वितळला. मनोहरराव आधी "होय का," म्हणत होते. मग "हं," म्हणायला लागले. मग तेही थांबलं. उपाशी माणसाचं गप्प बसणं गच्चीपर्यंत ऐकू येतं.

जया पाण्याचा तांब्या देऊन वर आली. "दादा, साहेब दर घडीले आतमंदी पाहून राहिले. झाले का रे?"

"होऊन राहिले."

तिनं काचेत डोकावून पाहिलं. "हे होऊन राहिले का आजारी पडून राहिले?" असं म्हणून ती खाली गेली.

लहानूनं पेटी आणखी ओढली. आता फक्त मागच्या कोपऱ्यात उन्हाचा तुकडा उरला होता, न्हाणीच्या अगदी वर. तिथं तो कठड्याला टेकतो न टेकतो, तोच ओसरीवरून देवरावांचा आवाज चढला.

"साहेब, मी नुसता बोलत नाही. आज सकाळपासून या घरात एक काडी पेटली नाही. धुराची एक रेघ दिसली, तर मले खोटारडा म्हणा, अन् माह्या पोराले तुमच्या गेटात उभं करू नका."

लहानूनं खाली पाहिलं. न्हाणीच्या भिंतीआडून, बरोबर त्याच्या पायाखालून, धुराची एक रेघ सरळ वर येत होती.

विचार करायला वेळ नव्हता. (कॉलेज सोडतानाही नव्हता.) त्याला एवढंच दिसलं, की बापानं त्याची नोकरी धुराला बांधली आहे आणि धूर वर चाललाय. कोणी पेटवला, कशासाठी, हे त्यानं पाहिलं नाही. त्यानं बादली उचलली आणि कठड्यावरून पालथी केली.

आता मीराबाई काही कच्ची नव्हती. अर्धी कणीक तिनं सकाळीच बाजूला काढून ठेवली होती. देवराव ओसरीवर रमले तसा तिनं न्हाणीमागं आर पाडला, रोडगे पुरले, वर एक गोवरी ठेवली आणि तूप आणायला आत गेली. ती गोवरी जरा ओलसर होती, एवढंच. आणि मनोहररावांच्या नाकाला त्या गोवरीचा वास लागला होता. देवरावांना अर्ध्या वाक्यात सोडून, आज पहिल्यांदा चेहऱ्यावर हसू घेऊन ते वासामागं चालत चालत न्हाणीच्या कोपऱ्यावर वळले होते. तेवढ्यात वरून पाणी आलं.

तापलेल्या आरावर बादली ओतली की काय होतं, हे बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला कळायला हवं. फस्सकन वाफ उठली आणि राखेचा ढग चढला. ढग बसला तेव्हा कोपऱ्यावर एक राखाडी माणूस उभा होता. फक्त डोळे मूळचे होते.

मीराबाई तुपाची वाटी घेऊन दारात आली. तिनं आराकडं पाहिलं, साहेबाकडं पाहिलं, मग वर पाहिलं.

"रोडगे होते रे त्यात," ती म्हणाली. बास, एवढंच.

मनोहररावांनी वाकून चिखलातून एक रोडगा उचलला, फोडला. वरून भिजला होता, आत अजून वाफ होती. कड खरपूस झाली होती. एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला, कितीतरी वेळ चावला.

"आर मस्त पडला होता, ताई," ते म्हणाले. कोणी वारल्यावर बोलतात तसे.

देवराव मागून आले. "पायलं, साहेब? पोरानं लगेच विझवलं. नाही तर केवढा वायू गेला असता."

"देवरावजी, गोवरी म्हणजे गवत. गवतानं तो वायू हवेतूनच घेतलेला, तो हवेत परत चालला होता. जमिनीच्या पोटातला कोळसा काढून जाळतो तो मी. तुमचं भांडण माझ्यासंग आहे. रोडग्यानं तुमचं काय केलं?"

"तेच तर मी मघापासून सांगून राहिलो," देवराव म्हणाले. त्यांना हरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

लहानू खाली आला. हातात रिकामी बादली तशीच होती.

"मले बॉयलरवर कसा माणूस पाहिजे, ठाऊक आहे का तुले?" मनोहरराव म्हणाले. "आग एक घडी विझू न देणारा. झोप आली तरी, बाप मधात आला तरी."

"साहेब, मले धूर दिसला म्हणून..."

"आमच्याकडं दुसरं काय दिसते बाबू?"

मग जयानं कुकरमधले रोडगे ताटात आणले. मनोहररावांनी एकावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरून आला नाही. त्यांनी हात धुतले, मीराबाईला नमस्कार केला, आणि आले तसेच, म्हणजे रंग सोडून आले तसेच, उपाशी गेले. ताटातले रोडगे देवरावांनी एकट्यानं संपवले. घास गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं, पण "हलके हायेत, हलके," म्हणत त्यांनी संपवले.

संध्याकाळी पायरीवर बसून त्यांनी विडी पेटवली, धूर सोडला आणि बराच विचार करून म्हणाले, "एक माणूस कोळसा जाळाले गेला नाही. तेवढा तर वायू वाचला."

लहानूला ती बादली एका कायमच्या नोकरीला पडली. दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणीही गारच होतं.