भूपालकाकांचा जुना गडी

आमच्या शेजारचे भूपालकाका मगदूम कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळायला बसताना इस्त्रीचा शर्ट घालत. खाली पायजमा चाले, कारण तो टेबलाखाली जातो. पण शर्ट कडक, वरचं बटण लावलेलं आणि भांग पाडलेला. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "समोरचा गडी कोन का असंना, आपन मानानं बसावं."

समोरचा गडी म्हणजे पिवळा पडलेला एक डबा. मुलाला, प्रशांतला, पुण्यात नोकरी लागली तेव्हा तो आपला कॉलेजातला कॉम्प्युटर माधवनगरच्या या घरात टाकून गेला. त्यात बुद्धिबळाचा एक प्रोग्राम होता. काका रिकामे होते. सूतगिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. गिरणीत ते टाइम ऑफिसला होते. कोण किती उशिरा आला हे लिहायचं काम. गिरणी गेली, पण स्वभावातलं टाइम ऑफिस काही बंद झालं नाही.

काका कडवट माणूस. गल्लीत त्यांचं कुणाशी गटारावरून, कुणाशी गाडी लावण्यावरून, तर कुणाशी नुसत्या हसण्यावरून वाकडं. बुद्धिबळाच्या क्लबात गेले, तिथं एकानं चाल मागं घेतली म्हणून उठून आले. काकू नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या. नातू शाळेत जायला लागला तरी काकू परत आल्या नाहीत. जाताना त्यांनी भांडणसुद्धा केलं नव्हतं, हेच काकांना जास्त लागलं असावं. "नियम म्हंजे नियम," असं म्हणणाऱ्या माणसाला न भांडता जाणाऱ्याचं काय करायचं ते कळत नाही.

कॉम्प्युटर मात्र त्यांना पसंत होता. तो चाल मागं घेत नाही, खेळताना बोलत नाही आणि जिंकला तरी दात काढत नाही, असं ते सांगत. माणसाबद्दल एवढं चांगलं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे गल्लीतली सगळी आजारी यंत्रं माझ्या दारात येतात. एके दिवशी प्रशांतचा फोन आला. नातवाचा पुढचा दात पडला होता आणि तो आजोबांना दाखवायचा होता. काकांकडे मोबाइल बटणांचा, आणि कॉम्प्युटरची सिस्टीम इतकी जुनी की व्हिडिओ कॉलचं कुठलंच सॉफ्टवेअर त्यावर बसेना. नवी सिस्टीम टाकून द्या, असं प्रशांतचं म्हणणं.

मी काकांना नीट समजावलं. आतली मेमरी वाढवावी लागेल, डिस्क बदलावी लागेल, कारण जुनी आताच कुरकुरते आहे. आणि जुने प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालतीलच असं नाही.  दोन दिवसांनी काका कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "घाला बाई. पोरगं दात दाखवनार म्हनतंय."

रविवारी मी नवी सिस्टीम टाकली. ती चालू झाली, धापा टाकत का होईना. प्रिंटरला तिनं ओळख दाखवली नाही. त्याचं गल्लीला दुःख नव्हतं, कारण त्यावर फक्त तक्रारअर्ज छापले जात. कॅमेरा जोडला. काका शर्ट घालून बसले. नातवानं तोंड आ करून खिंड दाखवली आणि मिनिटभरात पळून गेला. मग काकू दिसल्या. त्यांनी काकांच्या मागची भिंत बघितली, पोपडे आलेत, रंग लावून घ्या म्हणाल्या आणि त्यांनाही काम निघालं.

काका तसेच बसून राहिले. मग बुद्धिबळाच्या चित्रावर त्यांनी दोनदा टिचकी मारली. पाटी आली: हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. काकांनी ती मोठ्यानं वाचली, मग चष्मा पुसून परत वाचली.

मला येत होतं ते सगळं मी केलं. 'जुन्या सिस्टीमप्रमाणे चालव' अशी एक सोय असते, ती लावून बघितली. नव्या सिस्टीमच्या पोटात जुनी सिस्टीम बसवून बघितली, तर यंत्राला धापच लागली. पट अर्धा उमटला आणि घोड्यांच्या जागी काळे ठोकळे दिसले. शेवटी जुनी डिस्क परत जोडायला गेले, ती दोनदा टकटकली आणि कायमची बंद पडली. मी सांगितलं, काका, प्रोग्राम फार जुना आहे, त्याची भाषा नव्या सिस्टीमला समजत नाही.

"म्हंजे गडी जित्ता हाय," काका म्हणाले, "पन त्येचं बोलनं ह्याला कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं होतं की बाईनं काकांचा गडी मारला.

मी त्यांना नवा खेळ बसवून दिला. तो प्रत्येक चालीला शाबासकी देई, चुकलं तर बाण दाखवून चाल परत घ्यायला सांगे. काकांना तो लबाड वाटला. मग इंटरनेटवरच्या माणसांशी जोडून दिलं. पहिलाच गडी हरायला लागल्यावर मधेच निघून गेला. तो येईल म्हणून काका पटासमोर बसून राहिले, घड्याळ संपेपर्यंत. त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरवर फडकं टाकलं.

आठवडाभरानं त्यांनी मला विचारलं, तुमची शाळा बुधगाव रस्त्याला ना, तिथं इकबालचं दुकान आहे का अजून? होतं. इकबालभाई मुलाणी मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करतात. माझाही मिक्सर त्यांच्याकडेच जातो. काकांनी पटाची पिशवी काखेत धरली आणि माझ्या स्कूटीवर मागे बसले. वाटेत तुकड्यातुकड्यानं सांगत होते. इकबाल गिरणीत फिटर होता. जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसच्या खिडकीत दोघांचा पट मांडलेला असायचा. गिरणी बंद पडल्यावर इकबालनं दुकान टाकलं, तर काका रोज संध्याकाळी तिथं खेळायला जायचे. एके दिवशी इकबालनं वजिराला हात लावला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि परत येऊन त्यानं घोडा हलवला; हात लावलेलं मोहरंच हलवायचं, हा नियम. काकांनी पट उधळला, पिशवीत भरला आणि घरी आले. ते परत गेले नाहीत.

इकबालभाई काउंटरमागं एक पंखा उघडून बसले होते. काकांना ओळखायला त्यांना वेळ लागला. मग उठले, स्टूल पुसून पुढं केलं, चहा सांगितला. काका बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या दिवशी तुझा हात वजिराला लागला हुता."

इकबालभाईंना काही उमजेना. काकांनी सगळी खेळी सांगितली, कोणतं मोहरं कुठं होतं, गिऱ्हाईक काय घेऊन आलं होतं ते. इकबालभाई ऐकत राहिले. मग फडक्यानं हात पुसत म्हणाले, "त्यासाठी तुमी यायचं बंद केलासा?"

काकांनी मान डोलावली.

"त्या साली हवा वाईट हुती, मगदूम. दंगलीनं दुकानं बंद, चौकात पोलीस. तवाच तुमचं येनं थांबलं." इकबालभाईंचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, तुमी बी तसंच."

काका खाली बसले. चहा आला, त्यावर साय धरली. मग ते म्हणाले, "नुसता वजीर हुता, इकबाल. दुसरं काय न्हवतं."

"ते तवाच सांगायचं," इकबालभाई म्हणाले आणि परत पंख्याकडं वळले. पट काढायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी डोळ्याकडं बोट केलं. एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. काळी-पांढरी घरं आता एकमेकांत मिसळतात. हातांनी चाचपून पंखा जुळतो, पट जुळत नाही.

आम्ही परतलो. काका फाटकापाशी उतरले, पिशवी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. "बाई, एवढी वर्सं त्येला वाटत ऱ्हायलं मी तसला हाय," ते म्हणाले. "आन मी हितं नियम धरून बसलो."  ते आत गेले आणि त्यांनी दिवा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी काका काकूंचा मिक्सर घेऊन निघालेले दिसले. तो चांगला चालू होता, आदल्याच महिन्यात मी त्यात चटणी वाटून आणली होती. मग इस्त्री गेली. मग टेबलफॅन. रोज संध्याकाळी एकेक वस्तू पिशवीत घालून ते बुधगाव रस्त्यानं चालत जात आणि अंधार पडल्यावर परत येत. मी एकदा दुकानावरून जाताना बघितलं, तर काका स्टुलावर बसले होते आणि इकबालभाई इस्त्री उघडून पुसत होते. 

माझ्या मिक्सरचं भांडं आणायला गेले तेव्हा इकबालभाई आपणहून म्हणाले, "कशालाच काय झाल्यालं न्हाई बाई. मला कळतंय. मी उघडतो, पुसतो, परत लावतो." मग म्हणाले, "लगीच दिलं तर उठून जात्याल."

काल संध्याकाळी काका कुंपणापाशी आले. दुरुस्तीला न्यावं असं त्यांच्या घरात बहुतेक काही उरलं नसावं. इकडचं तिकडचं बोलले, पाण्याच्या टाकीला नावं ठेवली, प्रशांतला नावं ठेवली. मग माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघत म्हणाले, "बाई, तुमच्याकडं काय बिघडलंय का?"

मी म्हटलं, नाही हो काका.

"नसंना का," ते म्हणाले. "काय तर द्या."